बत्तीस देऊ की चौतीस?

5 मे 1992 रोजी पश्चिम रेल्वेने चर्चगेट ते बोरिवली अशी फक्त बायकांसाठी लोकल सोडली. त्यानंतर मुंबईत लेडीज स्पेशल गाड्या वाढल्या आणि बायकांच्या डब्यातला बाजारही वाढला. टिकल्या, क्लिपा, सोललेला लसूण, कापलेली फळं. खांद्यावर मोठी पिशवी अडकवून चढणाऱ्या विक्रेत्या बाया गाऊन, लेगिंग, स्लिपा आणि निकरा विकतात. दादर सुटलं की पिशवी उघडते. निकरेचं इलॅस्टिक दोन्ही हातांनी ताणून दाखवलं जातं, आणि घेणारी तिच्या हातातून घेऊन ते स्वतः ताणून बघते. रंग जाईल का, धुतल्यावर आटेल का, दोन घेतल्या तर कमी कराल का, हे प्रश्न मोकळेपणाने विचारले जातात. डब्यात सगळ्या बायकाच असल्यामुळे कुणी संकोचत नाही. पण ही निकर आपल्याला होईल का, याचं उत्तर तिथे अंदाजानेच द्यावं लागतं. विक्रेती एकदा कमरेकडे बघते, "एक्सेल घ्या ताई" म्हणते आणि अंधेरी येईपर्यंत व्यवहार संपतो.

उतरल्यावर बाजारातलं चित्र याच्या उलट असतं. घाटकोपरचा एम. जी. रोड, मुलुंडचा झवेर रोड, बोरिवली पश्चिमेचा एल. टी. रोड, अंधेरी स्टेशनबाहेरचा एस. व्ही. रोड. इथल्या जुन्या दुकानांत छतापर्यंत पुठ्ठ्याचे खोके रचलेले असतात, मोजपट्टी असते, सगळे नंबर असतात. पण काउंटरमागे वर्षानुवर्षं पुरुष बसत आले. गिऱ्हाईक बाई आवाज खाली आणून "बत्तीस द्या" म्हणते. दुकानदार एक नजर टाकून "बत्तीस की चौतीस?" असं विचारतो. ती गोंधळून "चौतीस चालेल" म्हणते. माल कागदात गुंडाळला जातो. समोर पाटी असते: इनरवेअर बदलून मिळणार नाही. आता पुष्कळ दुकानांत विक्रीला मुली आणि बायका आहेत, काही ठिकाणी ट्रायल रूमही आहे. पण मापाचा प्रश्न अजून त्या 'की'पाशीच अडलेला आहे.

मला यात खटकते ती पुढची गोष्ट. हीच बाई ब्लाउज शिवायला टाकते तेव्हा शिंप्याकडे उंची, छाती, कंबर, शोल्डर, मुंढा, बाहीची लांबी, दंडाचा घेर, पुढचा गळा, मागचा गळा अशी मापं देते. टक्स नीट बसले नाहीत, मुंढ्यात चुणी पडली, तर ब्लाउज उसवून घेते. अर्ध्या इंचासाठी दुसऱ्यांदा चक्कर मारते. चांगली शिवणारी बाई माप घेण्याआधी सांगतेच की नेहमीची ब्रा घालून या, नाहीतर फिटिंग बिघडेल. म्हणजे वरचा कपडा ज्याच्यावर बेतायचा, तो आतला कपडा मात्र अंदाजाने घेतलेला. दिवसाचे बारा-चौदा तास तोच अंगाला चिकटून असतो, आणि तो काचला तर लोकलच्या गर्दीत हात मागे नेऊन सारखाही करता येत नाही.

अंदाज किती चुकतो, याचा एक अभ्यास माझ्या फार लक्षात राहिला आहे. मेलबर्नमधल्या संशोधकांनी 2008 मध्ये 30 तरुणींची मापं घेतली. त्यांतल्या 80 टक्के मुलींच्या अंगावर चुकीच्या मापाची ब्रा होती. 70 टक्के जणींची गरजेपेक्षा लहान, 10 टक्के जणींची मोठी. अभ्यास छोटा आहे आणि देश दुसरा. पण जिथे दुकानात माप घेण्याची सवय आपल्यापेक्षा जुनी आहे, तिथे ही स्थिती असेल तर एल. टी. रोडवरच्या घाईत काय होत असेल, हा प्रश्न पडतोच.

हा विषय अंधेरीला परका नाही. सत्तरीच्या दशकापासून मराठी घरांत बनियन आणि चड्डीसोबत बोललं जाणारं 'व्हीआयपी' हे नाव पठारे कुटुंबाच्या कंपनीचं. आधी ती मॅक्सवेल इंडस्ट्रीज होती, पुढे व्हीआयपी क्लोदिंग झाली. तिचं मुख्य कार्यालय अंधेरी पूर्वेच्या एमआयडीसीत. 'फ्रेंची'ची जाहिरात आणि तिच्यातला दलीप ताहिल एका पिढीला अजून आठवतो. बायकांसाठी याच कंपनीने 'फीलिंग्ज' काढली. त्याच एमआयडीसीत 'लव्हेबल लिंजरी' या कंपनीचंही कार्यालय. अमेरिकी नावाचा परवाना घेऊन तिने भारतात बायकांची अंतर्वस्त्रं आणली आणि 2011 मध्ये ती शेअर बाजारात नोंदली गेली. 'डेझी डी' हे स्वस्तातलं नावही तिचंच. बाकी देशाचा आतला कपडा मुख्यतः तमिळनाडूतल्या तिरुपूरमध्ये विणला जातो. रूपा, लक्स, डॉलर ही नावं कोलकात्याची. फिलिपिन्समध्ये जॉकीचा परवाना असलेल्या जेनोमल कुटुंबाने 1990 च्या दशकात बंगळुरूत पेज इंडस्ट्रीज काढून जॉकी भारतात आणली, आणि तोवर पँटच्या आत राहणारी इलॅस्टिकची पट्टी नावासकट बाहेर डोकावू लागली. व्हीआयपी आणि लव्हेबल या दोन जुन्या कंपन्या ज्या उपनगरातून चालतात, तिथल्याच बायकांनी नजरेच्या अंदाजावर खरेदी करावी, हे मला अजिबात पटत नाही.

माल झाकून ठेवायचा की मांडायचा, यावर या शहरात राजकारणही झालं. 2013 मध्ये घाटकोपरच्या नगरसेविका रितू तावडे यांनी दुकानांबाहेर अंतर्वस्त्रं घालून उभ्या केलेल्या पुतळ्यांवर बंदी घालावी अशी मागणी महापालिकेत मांडली आणि सभागृहाने ती मान्यही केली. अशा पुतळ्यांमुळे बायकांना अवघडल्यासारखं होतं आणि पुरुषांच्या नजरा बिघडतात, असा त्यामागचा युक्तिवाद. कायद्यात तशी तरतूद नसल्याचं प्रशासनाचं म्हणणं पडलं, आणि पुतळे जिथे होते तिथेच राहिले. फुटपाथ अडवून पुतळा उभा करू नये, हे मला मान्य आहे. तिथून माणसांना चालायचं असतं. पण त्या चर्चेत, ती ब्रा विकत घेणाऱ्या बाईला दुकानात काय हवं, याचा विचार झाला नाही. तिला आडोशाची एक खोली हवी, एक मोजपट्टी आणि माप घ्यायला शिकलेली एक बाई. त्यासाठी सभागृहाचा ठरावही लागत नाही.

आता 'चौतीस' म्हणजे काय ते बघू, कारण हा आकडा वर्षानुवर्षं वापरणाऱ्या बायकांनाही तो कुठून येतो हे कुणी सांगितलेलं नसतं. मापं दोन घ्यायची. पहिलं छातीच्या बरोबर खाली, श्वास सोडून, टेप अंगाला घट्ट आणि जमिनीला समांतर ठेवून. दुसरं छातीच्या सर्वांत भरलेल्या भागावरून, पॅड नसलेली ब्रा घालून, टेप सैलसर ठेवून. पहिल्या मापावरून पट्ट्याचा आकडा ठरतो. दुसरं माप त्या आकड्यापेक्षा किती इंच जास्त आहे त्यावरून कपचं अक्षर: एक इंच म्हणजे ए, दोन म्हणजे बी, तीन सी, चार डी.

गोंधळ होतो तो पहिल्या मापात. काही कंपन्यांचे तक्ते छातीखालच्या मापात चार-पाच इंच मिळवून पट्ट्याचा आकडा काढतात, काही ते माप जवळजवळ तसंच ठेवतात. समजा, छातीखालचं माप 29 इंच आणि छातीचं 36. पहिल्या रीतीने ती बाई 34 बी. दुसऱ्या रीतीने तिचा पट्टा 30 चा आणि कप डीच्याही पुढचा. बाई तीच, अंग तेच. म्हणून एका कंपनीचा चौतीस नीट बसला तरी दुसऱ्या कंपनीचा डोळे मिटून उचलू नये, खोक्यावरचा तक्ता इंचांत किंवा सेंटीमीटरमध्ये वाचावा. स्वस्त मालावर तर पुष्कळदा नुसता आकडाच असतो, कपचं अक्षर छापलेलंच नसतं. अंगाने बारीक पण छातीने भरलेली बाई मग मोठा आकडा घेते, म्हणजे कप पुरेल. कप पुरतो, पण पट्टा सैल पडतो, पाठीवर वर चढतो, आणि सगळा भार खांद्यांवर येतो. चाळिशी-पन्नाशीच्या पुष्कळ बायकांच्या खांद्यांवर पट्ट्यांच्या खाचा पडलेल्या दिसतात, त्या अशा.

भार पेलायचा असतो तो छातीखालच्या पट्ट्याने. खांद्यावरचे पट्टे फक्त जागेवर धरून ठेवतात. घालून बघताना पाठीकडचा पट्टा पुढच्याइतक्याच उंचीवर आडवा राहिला पाहिजे. त्याखाली दोन बोटं जावीत, मूठ जाऊ नये. हात वर केले, पिशवी वरच्या फळीवर ठेवायला ताणलं, तरी पट्टा सरकू नये. नवी ब्रा सर्वांत बाहेरच्या हुकावर नीट बसायला हवी, कारण इलॅस्टिक वापरून सैल पडतं आणि तेव्हा आतल्या हुकांचा उपयोग होतो. दुकानात सर्वांत आतल्या हुकावर बसणारी ब्रा थोड्याच महिन्यांत लोंबू लागते. आणि एक युक्ती लक्षात ठेवण्यासारखी आहे: 34 बी पट्ट्यात काचत असेल तर 36 ए, आणि पट्ट्यात सैल होत असेल तर 32 सी घालून बघावी. या तिन्हींच्या कपात साधारण सारखीच जागा असते.

निकरेचं शास्त्र सोपं, पण तिथेही आपण लहान माप घेतो. इलॅस्टिक ताणलं जातं म्हणून ते आपल्याला होतं असा समज असतो. संध्याकाळी कमरेवर आणि जांघेत लाल वळ दिसले तर माप लहान आहे, एवढं समजायला कुणाची गरज नाही. कंबरेपेक्षा नितंबाचं माप महत्त्वाचं, कारण कपडा वर सरकतो किंवा गोळा होतो तो तिथे जागा कमी पडल्यामुळे. आसनाच्या जागी आतून सुती कापडाचा दुहेरी थर आहे का, ते उलटून बघावं. वरचं कापड नायलॉनचं असलं तरी चालेल, तो थर सुतीच हवा.

देशाची म्हणून मापं ठरवण्याचा एक मोठा प्रयत्न अलीकडे झाला. आपल्याकडचे स्मॉल-मीडियम-लार्ज बऱ्याच अंशी इंग्लंड-अमेरिकेच्या अंगकाठीवरून घेतलेले. म्हणून निफ्ट या फॅशन शिकवणाऱ्या संस्थेने 'इंडियासाइझ' नावाची पाहणी हाती घेतली. सहा शहरांत मिळून 25,000 स्त्री-पुरुषांची मापं त्रिमिती स्कॅनरने घ्यायची, अंगाला हात न लावता. त्या सहा शहरांत मुंबईही आहे. आपला खांदा, आपली छाती, आपला नितंब यांच्या प्रमाणात बेतलेले तक्ते खरोखर खोक्यांवर छापले गेले, तर मुलुंडच्या दुकानातला घोळ बराच कमी होईल.

आता चालण्या-पळण्याचे कपडे. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पहाटे पास घेऊन फिरायला जाणाऱ्यांची रांग असते. अंधेरीत लोखंडवालाचं जॉगर्स पार्क आणि महापालिकेचं शहाजीराजे भोसले क्रीडा संकुल, मुलुंडला प्रियदर्शिनी क्रीडा संकुल. तिथे येणाऱ्या बायकांच्या अंगावर पंजाबी ड्रेस आणि बूट, साडी आणि बूट, ट्रॅक पँट आणि कुर्ता, टाइट्स आणि टी-शर्ट, सगळं दिसतं. साडीला नावं ठेवायचं कारण नाही. कासोटा घालून नेसलेल्या नऊवारीने आपल्या आज्या शेतात वाकल्या, नदीवर गेल्या. बारामतीच्या लता करे दहा-बारा वर्षांपूर्वी नवऱ्याच्या उपचारांसाठी पैसे हवेत म्हणून नऊवारीत, अनवाणी धावल्या आणि शर्यत जिंकल्या. हालचालीला मोकळीक देणारं वस्त्र आपल्याकडे होतं. पण छातीला आधार देण्याचं काम तेव्हाही कुणी नीट सोडवलं नव्हतं.

ते सुटायला 1977 साल उजाडलं. अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये लिसा लिंडाल ही तरुणी पळायला जाई आणि छाती दुखते म्हणून वैतागे. पॉली स्मिथ आणि हिंडा मिलर या दोघींना घेऊन तिने पुरुष खेळाडूंची दोन आधारवस्त्रं उसवून एकत्र शिवली आणि ती छातीला बांधून पाहिली. तीच पहिली 'जॉगब्रा', आजच्या स्पोर्ट्स ब्राची आई. इंग्लंडच्या पोर्ट्समथ विद्यापीठात जोआना स्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजमापं घेऊन दाखवलं की पळताना छाती नुसती वर-खाली होत नाही, इंग्रजी आठच्या आकारात फिरते. वर-खाली, डावी-उजवी, पुढे-मागे. त्यांच्याच गटाने 2012 च्या लंडन मॅरेथॉनमधल्या सुमारे 1,300 स्त्री धावपटूंना विचारलं तेव्हा जवळपास एक तृतीयांश जणींनी छाती दुखत असल्याचं सांगितलं. या मॅरेथॉन धावणाऱ्या बायका. घरातलं आटपून अर्धा तास चालायला आलेल्या बाईचं दुखणं तर मोजलंच जात नाही. ती "आता या वयात कुठे पळायचं" म्हणते आणि बाकावर बसते. त्यांतल्या किती जणींचं पळणं वयाने थांबलं आणि किती जणींचं कपड्याने, हे विचारायला हवं.

स्पोर्ट्स ब्रा दोन तऱ्हेची. छाती सरळ दाबून धरणारी, डोक्यावरून घालायची. ही लहान कपच्या मुलींना, चालण्याला, योगासनांना पुरते. आणि दोन्ही बाजू वेगळ्या कपांत धरणारी, मागे हूक असलेली. भरल्या अंगाच्या बाईला पळताना, दोरीवर उड्या मारताना हीच लागते. दुकानात दोन्ही 'स्पोर्ट्स ब्रा' म्हणूनच मिळतात, म्हणून विकत घेण्याआधी जागच्या जागी चार उड्या मारून बघाव्यात. लाजू नये. छाती कपड्यासोबत हलली तर ठीक, कपड्याच्या आत वेगळी हलली तर नाही. टाइट्स आणि लेगिंग घेताना ट्रायल रूममध्ये वाकून, उकिडवं बसून बघावं: कमरेची पट्टी खाली गुंडाळली जाते का, ताणलेलं कापड पारदर्शक होतं का, आणि मांडीच्या आतल्या शिवणी सपाट आहेत का. उठावाच्या शिवणीने मांड्या सोलवटतात, आणि घामात ती जखम दोन दिवस चुरचुरते. खिसा असला तर फार बरं. मोबाइल आणि पास हातात धरून चालणाऱ्या बाईचा एक हात कायम अडकलेला असतो.

कापडाबद्दल आपल्याकडे एक जुनी श्रद्धा आहे, सुती म्हणजे चांगलं. रोजच्या वापराला ती खरी आहे. कापूस हवेतली ओल धरतो, कोरड्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के. पॉलिस्टर अर्धा टक्काही धरत नाही. ऑफिसात बसून, हळूहळू येणारा घाम सुती बनियन टिपून घेते. पण तासभर पळून घामाने निथळल्यावर तीच सुती बनियन जड होते, अंगाला चिकटते, लवकर वाळत नाही आणि घासते. तेव्हा पॉलिस्टर किंवा नायलॉनची विणलेली जाळी बरी. ती घाम बाहेरच्या बाजूला नेते आणि झटकन वाळते. तिची खोड अशी की वास धरते, म्हणून घरी आल्याबरोबर धुवावी, दुसऱ्या दिवसासाठी बाथरूमच्या खुंटीला टांगून ठेवू नये. ताण देतो तो इलास्टेनचा धागा, 1958 मध्ये ड्युपॉन्ट कंपनीतल्या जोसेफ शिव्हर्स यांनी शोधलेला. उकळतं पाणी, ब्लीच आणि तलावातलं क्लोरीन त्याला मारतं. म्हणून क्रीडा संकुलाच्या तलावातून आल्यावर पोहण्याचा पोशाख साध्या पाण्यात खळखळून घ्यायचा आणि सावलीत, वाऱ्यावर वाळत घालायचा.

उपनगरात सर्वांत अवघड काम वाळवण्याचं आहे, आणि त्याबद्दल आपण फार कमी बोलतो. जुलैत मुंबईच्या हवेतली आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर असते. वन रूम किचनमध्ये छताला कप्पीने टांगलेल्या काठ्यांवर घरातल्या सगळ्यांचे कपडे. नव्या टॉवरमध्ये ड्राय बाल्कनी मिळते, पण तिच्यासमोर दुसऱ्या टॉवरची भिंत, ऊन येत नाही. त्यात पुष्कळ घरांत अजून बायकांचे आतले कपडे टॉवेलखाली, परकराखाली, ओढणीखाली वाळत घालायची पद्धत आहे. घरातल्या पुरुषांना, समोरच्या खिडकीतल्यांना दिसू नये म्हणून. म्हणजे ज्या कपड्याला सर्वांत जास्त ऊन-वारा हवा, तो सर्वांत शेवटी वाळतो, आणि दमट असतानाच सकाळच्या घाईत अंगावर चढतो. दिवसभर वर लेगिंग, लोकल, ऑफिसची खुर्ची. जांघेत खाज सुरू होते.

गजकर्ण, नायटा हे आपल्याला जुने. पण गेल्या दहा-पंधरा वर्षांत देशभर तो हट्टी झाला आहे. नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या एका बुरशीला 2020 मध्ये 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनी' असं नाव दिलं गेलं. त्वचारोगतज्ज्ञ याचा मोठा दोष औषधांच्या दुकानातून आपल्या मनाने आणलेल्या मिश्र मलमांना देतात. त्यात स्टिरॉइड असतं. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी पसरत राहते. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक स्टिरॉइड मलमं शेड्यूल 'एच'मध्ये टाकली, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. तरीही जांघेतली खाज डॉक्टरला दाखवायला लाज वाटते आणि मलम मागायला वाटत नाही, तोवर ही मलमं घरात येत राहणार. आई, सून, नवरा, मुलगा सगळे एकच टॉवेल वापरत असतील तर एकाचा नायटा सगळ्यांचा होतो.

डॉक्टर जे सांगतात ते गरिबातल्या गरीब घरातही जमण्यासारखं आहे. सैल, सुती आतले कपडे. रोज बदलायचे, घाम आला तर दिवसातून दोनदा. ज्याला नायटा आहे त्याचे कपडे वेगळे आणि कडक गरम पाण्यात धुवायचे. 60 अंशांच्या पाण्यात बुरशी मरते. कपडा उलटा करून वाळवायचा. ऊन नसेल तर इलॅस्टिक सोडून बाकी भागावर आतून इस्त्री फिरवायची. माझी यात एकच भर: ओढणीखाली वाळत घालणं बंद करा. घरात कप्पीची सर्वांत वरची, पंख्याखालची काठी या कपड्यांना द्या. मुलग्यांनाही कळू दे की आईची ब्रा हा कपडा आहे आणि तो वाळावा लागतो.

पुरुषांचं बोलायचं तर त्यांना स्वतःचा नंबर पुष्कळदा माहीतच नसतो. बनियनवर 85, 90, 95 असे सेंटीमीटर छापलेले असतात, आणि ते कपाटातली जुनी बनियन बघून बायको किंवा आई लक्षात ठेवते. पट्ट्यापट्ट्यांची नाडीची चड्डी शिंप्याकडून शिवून घेणाऱ्या पिढीला हवा तरी लागत होती. आताचा तरुण दिवसभर जीन्स, आत घट्ट ब्रीफ, संध्याकाळी त्याच ब्रीफवर जिमला. रिक्षावाले, डिलिव्हरी देणारी मुलं, सुरक्षारक्षक, बारा-बारा तास सीटवर किंवा उभे. यांना मांडी झाकणारी, वर न सरकणारी सुती ट्रंक बरी पडते, मांडीला मांडी घासत नाही. पोट सुटलं की पुरुष पँटचं माप वाढवतो, चड्डीचं वाढवत नाही, आणि इलॅस्टिक पोटाखाली रुतत राहतं.

पैशाचा प्रश्न खरा आहे. स्टेशनबाहेर शंभराला दोन निकरा मिळतात तिथे आधार देणारी स्पोर्ट्स ब्रा कित्येक पटींनी महाग. चार घरची कामं करणारी बाई दिवसभर वाकते, फरशी पुसते, जिने चढते. कामाची मेहनत बघता तिला जिमला जाणाऱ्या बाईपेक्षा आधाराची जास्त गरज आहे, आणि तिच्याच अंगावर सर्वांत जुनी, इलॅस्टिक गेलेली ब्रा असते. दिवाळीला तिला साडी देण्याची आपली रीत आहे. साडीबरोबर तिच्या मापाच्या दोन चांगल्या ब्रा देता येतील, फक्त आधी तिला नीट, आडोशाला विचारावं लागेल. स्वतःसाठी घेताना सहा स्वस्त घेण्यापेक्षा तीन चांगल्या घेऊन आलटून-पालटून वापरलेल्या परवडतात; एक दिवस विश्रांती मिळाली तर इलॅस्टिक जास्त टिकतं.

म्हाताऱ्या बायकांची अडचण वेगळीच. खांदा आखडला, बोटांत संधिवात शिरला की मागचे हूक लागत नाहीत. त्या ब्रा सोडून देतात, आणि मग घराबाहेर पडणंही कमी करतात. समोर हूक असलेली सुती 'बॉडी' त्यांच्या तरुणपणी शिंपी शिवत असत, आणि मुलुंड-घाटकोपरच्या जुन्या दुकानांत पुढून उघडणाऱ्या सुती ब्रा अजून मागितल्या तर मिळतात. पॉपलिनसारख्या न ताणणाऱ्या कापडाची असेल तर माप अचूकच लागतं. आजीला दुकानात नेता येत नसेल तर घरी माप घ्यावं, आणि आकडा कागदावर लिहून न्यावा.

आणि मुली. दहा-अकराव्या वर्षी शमीज काचू लागते, आई बाजारातून येताना काहीतरी घेऊन येते, "हे घाल आता" म्हणून कपाटात ठेवते. मुलगी पाठ वाकवून चालू लागते, पीटीच्या तासाला पोट दुखतं म्हणून बसून राहते. रिचा कर यांनी 2011 मध्ये बंगळुरूत 'झिवामे' ही बायकांची अंतर्वस्त्रं विकणारी कंपनी सुरू केली तेव्हा मुलगी काय विकते हे मैत्रिणींना सांगायला त्यांच्या आईला संकोच वाटला होता, असं त्यांनीच नंतर सांगितलं. तो संकोच आपल्याही घरांत आहे. पण वाढत्या वयात मुलीचं माप सहा-आठ महिन्यांत बदलतं, आणि ते बदललं की तिने मागायला हवं, हे तिला आधी सांगावं लागतं. सुरुवातीला तार आणि पॅड नसलेली, मऊ सुती, रुंद पट्ट्याची घ्यावी. खेळणारी असेल तर तिला पहिल्या वर्षापासून वेगळी स्पोर्ट्स ब्रा हवी. दुकानात तिला सोबत न्यावं, बाई विक्रेती आहे का ते आधी विचारावं, आणि पडद्याआड टेप आईने नव्हे तर मुलीने स्वतः धरावी; आईने फक्त ती पाठीवर सरळ आहे ना, एवढं बघावं.